काकडी सोलायची की नुसती धुवायची?

आजचा प्रश्न रोजच्या ताटातला. काकडी, गाजर, मुळा कच्चं खायचं तर साल काढायची का?

आधी सालीवर असतं काय ते बघू. पहिली म्हणजे माती. गाजर, मुळा, बीट जमिनीतच वाढतात. त्या मातीत शेणखतातले जंतू असतात, कधी जंतांची अंडीही. डोळ्यांना काहीच दिसत नाही. म्हणून ही तिन्ही मी सोलतोच, पण आधी धुऊन. न धुता सोललं की सुरी सालीवरची घाण आतल्या गरावर नेते, मग सोलण्याचा उपयोग काय?

दुसरं, फवारणीचं औषध. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. अकोला-अमरावतीतही रुग्ण होते. भाजीवर उरणारा अंश त्यापुढे अगदी थोडा, त्याची तुलना नकोच. पण औषधं दोन तऱ्हेची असतात हे लक्षात ठेवा. काही सालीवरच राहतात, ती चोळून धुतली की बरीच जातात, सोललं की आणखी. काही झाड शोषून घेतं, त्यांना आंतरप्रवाही म्हणतात. मोनोक्रोटोफॉस त्यातलंच. भाजीपाल्यावर ते वापरायला देशात २००५ पासून बंदी आहे. असं औषध आत गेलं असेल तर साल काढून ते निघत नाही.

२०१७ मध्येच अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सफरचंदं खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात १२ ते १५ मिनिटं ठेवून बघितली. वरची दोन औषधं गेली, सालीत मुरलेला भाग मात्र राहिला.

मग काकडी? कोवळी असेल तर मी वाहत्या पाण्याखाली चोळतो आणि सालीसकट खातो, चोथा सालीतच जास्त असतो. साल जाड, कडू लागली तर सोलतो. भेदरं कोण सोलत बसतं! आणि सांभार तर सोलताच येत नाही. तो निवडा, दोन-तीन पाण्यांतून काढा. पावसाळ्यात पालेभाजी कच्ची नकोच, शिजवा.

आता पाणी. अकोल्यात नळ रोज येत नाही, त्यामुळे 'वाहतं पाणी' म्हणणं सोपं आहे. ड्रममध्ये हात बुडवू नका, तांब्याने वरून पाणी ओता. शेवटचं पाणी मात्र पिण्याचंच घ्या. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात कोणी म्हणेल, आमच्या बोअरचं पाणी खारंच आहे, वेगळं मीठ कशाला? पण त्या खारेपणाने जंतू मरत नाहीत.