ब्रेक दाबला की इंडिकेटर का मिणमिणतो?

मैंदर्गीहून अक्कलकोटकडे रात्री गाडी चालवणाऱ्याला उसाच्या हंगामातला अनुभव सांगायला नको. मागे लाल दिवा नसलेली ट्रॉली अंधारात अचानक पुढ्यात येते. तिच्या चालकाला आपण नावे ठेवतो; पण आपल्याच गाडीचा मागचा दिवा आपण शेवटचा कधी पाहिला?

हप्त्यावर गाडी घेऊन भाडे मारणारे आपल्यात अनेक तरुण आहेत. दिवा बंद पडला की त्यांचा दिवस गॅरेजात जातो. बिघाड मात्र बहुधा किरकोळ असतो, शोधायचा क्रम माहीत हवा.

आधी बल्ब काढून तार तुटली का ते पाहा. मागच्या अनेक बल्बांत दोन तारा असतात: ५ वॅटची टेललाईटसाठी, २१ वॅटची ब्रेकसाठी. एक जळाली तरी दुसरी चालते. एका बाजूचा इंडिकेटर भराभर लुकलुकत असेल तर त्याच बाजूचा एखादा बल्ब गेलेला असण्याची शक्यता जास्त. सगळेच ब्रेकलाईट बंद असतील तर बल्ब बदलत बसू नका. फ्यूज आणि पेडलजवळचा स्विच तपासा. फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा टाका. घरातल्या फ्यूजला तार गुंडाळायची सवय गाडीत चालवली तर वायरिंग पेटते.

बल्ब आणि फ्यूज ठीक असूनही दिवा लागत नसेल तर टेस्ट लॅम्प घ्या. त्याचा चिमटा बॉडीच्या स्वच्छ लोखंडाला लावा, स्विच चालू ठेवून टोक होल्डरच्या पॉइंटला टेकवा. लॅम्प लागला म्हणजे वीज तिथवर येते. परतीची वाट, म्हणजे अर्थिंग, अडली आहे. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणतो तो बहुतेक वेळा याचमुळे. अर्थ गंजला की वीज शेजारच्या बल्बमधून वाट काढते. खात्रीसाठी होल्डरच्या अर्थपासून बॉडीला एक जादा वायर जोडा. दिवा नीट लागला तर दोष सापडला. मग अर्थचा स्क्रू काढून पॉलिश पेपरने घासा आणि घट्ट बसवा. माझ्या पाहण्यात लोक नेमके हेच सोडून बल्बावर बल्ब बदलतात.

नव्या गाड्यांत एलईडी दिवे संगणकावर चालतात; तिथे वायर सोलून प्रयोग करू नका, इलेक्ट्रिशियन गाठा.

तपासायला दुसरे कोणी नसेल तर रात्री गाडीची पाठ भिंतीकडे करा, ब्रेक दाबा आणि आरशात पाहा: लाल उजेड दोन्हीकडे सारखा पडतो का?