गुऱ्हाळाच्या अंगणातलं लग्न आणि कॅमेरा

कोल्हापूरला कॅमेऱ्याचं वेड जुनंच. बाबूराव पेंटरांनी सहकारी दामल्यांना हाताशी धरून १९१८ च्या सुमारास इथेच देशी कॅमेरा घडवला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. आता त्याच मुलखात शेतावरच्या लग्नांचं चित्रण होतं.

त्यातली देखणी जागा म्हणजे गुऱ्हाळघर. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, तेव्हा गाळपाचा हंगामही रंगात असतो. काहिलीतून उठणारी वाफ पाठीमागून येणाऱ्या उन्हात धरली, तर वेगळी सजावट लागत नाही!

अडचण असते ती पत्र्याच्या शेडमध्ये. बाहेर लख्ख ऊन, आत अंधार; दारात उभी नवरी हमखास काळी पडते. तिला दोन पावलं आत घेऊन दाराकडे तोंड करायला सांगितलं की चेहरा उजळतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवलं की ट्यूबलाइटची लुकलुक बहुधा टळते. पत्र्याखाली आवाज घुमतो, त्यामुळे भटजींच्या उपरण्याला छोटा माइक हवाच. मंगलाष्टकांत बँड घुसतो, त्याला मात्र इलाज नाही.

खरी कसोटी अंतरपाटाची. तो क्षणात खाली येतो, अक्षता उडतात, पुन्हा काही होत नाही. म्हणून दोन बाजूंना दोन कॅमेरे असावेत.

ड्रोन उडवायचा तर उजळाईवाडीचा विमानतळ ध्यानात ठेवून आधी ड्रोनसाठीच्या सरकारी 'डिजिटल स्काय' संकेतस्थळावरचा नकाशा बघावा.