गोरेगावच्या भातगिरणीने ऑनलाइन घाऊक विक्रीचा मंच कसा पारखावा?

गोंदिया जिल्ह्यातील गोरेगाव तालुका हा धानाचा मुलूख असल्याने येथील गिरणीमालकाचा मोठा ग्राहक बहुधा घाऊक व्यापारी, म्हणजे दुसरा व्यवसायच असतो. त्यामुळे घरगुती खरेदीसाठी घडवलेले दुकान, कितीही देखणे असले तरी, त्याच्या कामाचे नसते.

घाऊक व्यवहारात दर पोत्यांची संख्या, ओलावा आणि तुकडा, म्हणजे तुटलेल्या दाण्यांचे प्रमाण, यांनुसार बदलतो, म्हणून ज्या मंचावर ग्राहकागणिक दर व किमान मागणी ठरवता येत नाही, तो तेथेच बाद करावा. कराची बाजू अधिक किचकट आहे: १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या वेष्टित, लेबल लावलेल्या तांदळावर ५ टक्के जीएसटी लागू झाला, त्याहून मोठी पोती मात्र वगळली गेली, आणि हा भेद बिलात आपोआप उतरला नाही तर हिशेबनीसाची रात्र खराब होते.

उपलब्ध मंचांपैकी इंडियामार्ट मुख्यतः ग्राहकांच्या चौकशा मिळवून देते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या दोन सरकारी मंचांपैकी ‘जेम’ सरकारी खरेदीसाठी आहे, तर ‘ई-नाम’ बाजार समित्यांतील लिलाव जोडते. घाऊक व्यवहारातील उधारी मात्र कोणताही मंच पूर्णपणे टाळू शकत नाही. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म व लघु पुरवठादारास ४५ दिवसांत पैसे मिळण्याचा हक्क दिला असला, तरी थकबाकी दाखवणारी खातेवही मंचात असणे अधिक उपयोगी. वार्षिक शुल्क भरण्यापूर्वी गिरणीमालकांनी एका खऱ्या सौद्याचे बिल त्या मंचावर अवश्य करून पाहावे.