नोझल पळते, नग अडतो

थ्रीडी प्रिंटर घ्यायला निघालेला लघुउद्योजक आधी विचारतो, हा सेकंदाला किती मिलिमीटर पळतो? विक्रेत्याच्या पत्रकातही तोच आकडा सर्वांत ठळक असतो: ५००, ६००. उत्पादनाविषयीच्या निम्म्या गैरसमजांचे मूळ या आकड्यात आहे. गिऱ्हाईक मिलिमीटरचे पैसे देत नाही. त्याला साफ केलेले, तपासलेले, खोक्यात भरलेले नग हवे असतात. दिवसाकाठी असे चांगले नग किती निघतात, हे मोजायला लागले की पुढच्या बऱ्याच समजुती टिकत नाहीत.

गैरसमज: वेग दुप्पट केला की काम निम्म्या वेळात होते

फिलामेंटवर चालणारा नेहमीचा प्रिंटर घेऊ. नोझल ०.४ मिमीचे, थर ०.२ मिमीचा, रेषेची रुंदी ०.४५ मिमी. सेकंदाला ५०० मिमी पळायचे तर दर सेकंदाला ४५ घन मिमी प्लॅस्टिक वितळायला हवे. साधा हॉटएंड, म्हणजे प्लॅस्टिक वितळवणारा भाग, १० ते १५ घन मिमी वितळवतो, वेगवान यंत्रांतला ३०च्या आसपास. म्हणजे स्लायसर (नगाचे थर पाडणारे सॉफ्टवेअर) गुपचूप वेग उतरवतो, किंवा आपण हट्टाने तो चढवला तर अर्धवट वितळलेले थर एकमेकांना नीट चिकटत नाहीत.

दुसरी अडचण प्रवेगाची. ५००चा वेग गाठायला ५,००० मिमी/सेकंद² या प्रवेगाने २५ मिमी अंतर लागते आणि थांबायला आणखी २५. रेषा ५० मिमीपेक्षा लहान असेल तर तो वेग येतच नाही. छोट्या ब्रॅकेटमध्ये किंवा केबल क्लिपमध्ये एवढ्या लांब रेषा असतात कुठे?

खरा फायदा होतो जाड थराचा. ६० मिमी उंचीच्या नगाला ०.१ मिमीच्या थराने ६०० फेऱ्या लागतात, ०.३च्या थराने २००. नोझल ०.६चे लावले की रेषा साधारण ०.६५ मिमी रुंद पडते, आणि जेमतेम १५० मिमी वेगातच ३० घन मिमीची मर्यादा गाठली जाते. यंत्र शांत चालते, थरथरत नाही. शॉप फ्लोअरवरच्या जिग-फिक्श्चरच्या अंगावर थरांच्या रेषा दिसल्या तर कुणाचे काही बिघडत नाही. तरी तेही ०.१च्या थराने छापणारे लोक आहेत. बहुधा सेटिंग बदलायचा कंटाळा.

गैरसमज: इन्फिल जास्त तितका नग मजबूत

नग वाकतो तेव्हा जास्तीत जास्त ताण बाहेरच्या अंगावर येतो. त्यामुळे पोटात प्लॅस्टिक कोंबण्यापेक्षा दोनाच्या चार भिंती करून इन्फिल २०-२५ टक्क्यांवर ठेवणे बहुतेक वेळा फायद्याचे. शिवाय फिलामेंटचा नग बऱ्याचदा दोन थरांमधल्या सांध्यात तुटतो. तिथे इन्फिल फारसे कामाला येत नाही, नग बेडवर कसा ठेवला ते महत्त्वाचे.

गैरसमज: बेड भरून नग लावले की उत्पादन वाढते

हे तंत्रावर ठरते. फिलामेंटमध्ये नोझल एकच, त्यामुळे वीस नगांना जवळपास वीसपट वेळ लागतो, वर एका नगाकडून दुसऱ्याकडे जाण्याच्या खेपा. एखादा नग मध्येच बेडवरून सुटला आणि नोझलला अडकला की शेजारचेही जातात. रात्रपाळीला नग काढायला माणूस नसतो, तेव्हा मात्र भरलेला बेडच बरा.

एलसीडी पडद्याच्या रेझिन प्रिंटरमध्ये अख्खा थर एकदम घट्ट होतो, म्हणून वेळ उंचीवर ठरतो, नगांच्या संख्येवर नाही. लेझरने धातूची पावडर वितळवणारी यंत्रे या दोन्हींच्या मधली. तिथे प्रत्येक थरासाठी पावडर नव्याने पसरावी लागते. नग १५० मिमी उंच आणि थर ५० मायक्रॉनचा धरला तर ३,००० थर होतात. पसरायला दर थराला १० सेकंद धरले तरी ८ तास २० मिनिटे झाली, आणि यात लेझर एकदाही पेटलेला नाही. एसटीत एक प्रवासी असो की पंचेचाळीस, नाशिकला जायला लागायचा तेवढाच वेळ लागतो. इथे प्लेट अर्धी रिकामी ठेवणे म्हणजे ते आठ तास निम्म्याच नगांवर घालवणे. तोच नग आडवा ठेवून उंची ५० मिमीवर आणली तर पसरण्याचा वेळ पावणेतीन तासांवर येतो. पण आडवा नग जागा जास्त खातो आणि बहुधा सपोर्टही (छापताना लागणारे, नंतर काढून टाकायचे टेकू) वाढतात, म्हणून हा निर्णय दर नगागणिक नव्याने घ्यावा लागतो.

नायलॉनच्या पावडरमध्ये सपोर्ट लागत नाहीत, नग एकावर एक रचता येतात. तिथे वेळ जातो थंड होण्यात. पावडरचा तो गरम ठोकळा निवायला अनेकदा छापण्याइतकाच वेळ लागतो, आणि घाईने फोडला तर नग वाकतात. म्हणूनच काही यंत्रांत पावडरचा डबा सुटा काढता येतो. एक निवत असतो तेव्हा दुसरा छापायला लागतो.

गैरसमज: यंत्रातून निघाला की नग तयार

धातूच्या कामात यंत्रातून निघते ती नगांसकट प्लेट. ती आधी ताण घालवण्यासाठी भट्टीत जाते. मग वायरकटवर (तारेने धातू कापणाऱ्या यंत्रावर) नग प्लेटपासून कापायचे, सपोर्ट काढायचे, बसणाऱ्या पृष्ठभागांचे मशिनिंग करायचे, आटे पाडायचे, मापे तपासायची. वायरकटसमोर आधीच रांग असेल तर चार लेझरचे महागडे यंत्र घेऊन ती रांग फक्त लांब होते.

कार्यक्षमतेतली मोठी झेप प्रिंटरपाशी क्वचितच सापडते, ती ड्रॉइंगच्या टेबलावर सापडते. इस्रोने ९ मे २०२४ रोजी महेंद्रगिरीला पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्याचे थ्रीडी छापलेले इंजिन ६६५ सेकंद पेटवून तपासले. पूर्वी १४ सुटे भाग होते, ते एकच झाले. १९ वेल्ड गेले. ५६५ किलो फोर्जिंग आणि पत्र्याच्या जागी १३.७ किलो धातूची पावडर लागली आणि उत्पादनाचा एकूण वेळ ६० टक्क्यांनी घटला. हा वेळ लेझरच्या वेगाने नव्हे, तर वेल्ड गेल्याने वाचतो. वेल्ड म्हटले की फिक्श्चर आले, कुशल वेल्डर आला, तपासणी आली. हे इंजिन छपाईसाठी मुद्दाम नव्याने डिझाइन केले होते. जुनेच ड्रॉइंग तसेच छापायला दिले असते तर हाती बहुधा फक्त एक महाग इंजिन लागले असते.

गैरसमज: हे सगळे नमुन्यांपुरतेच

जीई कंपनीचे लीप विमान-इंजिनातले इंधन नोझल पूर्वी सुमारे २० भाग जोडून व्हायचे. आता ते एकसंध छापतात आणि ते २५ टक्के हलके आहे. अमेरिकेतल्या ऑबर्नच्या कारखान्याने २०१८मध्ये ३०,०००वे नोझल छापले, २०२१मध्ये एक लाखावे.

गैरसमज: यात काहीच वाया जात नाही

इस्रोचा आकडा पाहून तसे वाटणे स्वाभाविक आहे. पण लेझरने वितळवायच्या नायलॉनची न वितळलेली पावडरही उष्णतेने जुनी होते, तिच्यात दर खेपेला बरीच नवी मिसळावी लागते आणि उरलेली शेवटी भंगारात जाते. सपोर्ट जातात. सर्वांत महाग पडते ती अठराव्या तासाला फसलेली वीस तासांची प्रिंट. वाया गेलेल्या प्लॅस्टिकची किंमत किरकोळ असते, ते अठरा तास मात्र परत येत नाहीत. फसण्याची कारणे बहुधा साधीच: बेड नीट पुसलेला नसतो, झिजलेले नोझल बदललेले नसते, पावसाळ्यात नायलॉनचे रीळ रात्रभर उघडे राहिलेले असते. रीळ सुकवणे आणि पहिला थर उभे राहून पाहणे हे कुठल्याच माहितीपत्रकात नसते. बऱ्याच दुकानांत नवा प्रिंटर घेण्यापेक्षा यानेच उत्पादन जास्त वाढेल.

गैरसमज: प्रिंटिंगमुळे डाय-मोल्डचे दिवस संपले

गणित करून पाहावे. समजा, साचा तीन लाखांचा आणि त्यातून नग ८ रुपयांना पडतो, छापलेला नग १२० रुपयांना. तीन लाख भागिले ११२ म्हणजे सुमारे २,६८० नग. त्याखाली प्रिंटिंग, त्यावर साचा. दोन लाख नग हवे असतील तर वाद घालण्यात अर्थ नाही. डिझाइन दर महिन्याला बदलणार असेल तर मात्र साच्याचे तीन लाख पुन्हा पुन्हा मोजावे लागतात, हेही त्याच हिशेबात धरायचे.

अनेक ठिकाणी तर दोन्ही एकत्रच नांदतात. दात सरळ करणाऱ्या पारदर्शक अलाइनरमध्ये प्रत्येक रुग्णाच्या दातांचा साचा छापतात आणि त्यावर प्लॅस्टिकचा तापवलेला पत्रा ओढून अलाइनर करतात. कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगावसारख्या फाउंड्रीच्या पट्ट्यांना लागू पडणारा प्रकार वाळूच्या छपाईचा. वाळू थरावर थर पसरायची, हवे तिथे चिकटद्रव्य सोडायचे, आणि पॅटर्न किंवा कोअर बॉक्स न करता थेट मोल्ड आणि कोअर घ्यायचे. रोजच्या उत्पादनाला हे परवडत नाही, पण नव्या जॉबच्या पहिल्या दोन-चार ओतकामांना पॅटर्नसाठी आठवडे थांबावे लागत नाही. पोकळी कुठे राहते, धातू कुठे आकसतो ते त्यांतच कळते, आणि कायमचा पॅटर्न करायला टाकायचा तो दुरुस्त केलेल्या ड्रॉइंगवरूनच.