पोच घेतली का?

रविवारी सायंकाळी विहारात वंदना आटोपली की आमच्याभोवती चार-पाच माणसे हमखास थांबतात. कुणाला घरचा त्रास, कुणाला साहेबाचा, आणि अलीकडे निम्म्या तक्रारी मोबाईलमधल्या. सगळे ऐकून घेतल्यावर आम्ही एकच विचारतो, 'लेखी काय आहे?' बहुतेक वेळा उत्तर येते, 'वकीलसाहेब, सगळ्या वस्तीला माहीत आहे!' वस्तीला माहीत असून काय उपयोग? न्यायाधीश वस्तीत राहत नाहीत.

आमचा समाज एका हाकेवर मोर्चाला जमतो. पण साधा अर्ज दोन प्रतींत लिहून, एका प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घेऊन ती जपून ठेवायची म्हटले की आम्हाला कंटाळा येतो. 1927 च्या मार्चमधला महाडचा सत्याग्रह सर्वांना पाठ आहे. त्याच वर्षी डिसेंबरात सनातन्यांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम आणला आणि पुढची लढाई 1937 साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत कागदावर चालली, हे किती जणांना ठाऊक आहे? तळे नगरपालिकेचे ठरले. अनादी काळापासूनची वहिवाट असल्याचा सनातन्यांचा दावा पुराव्याअभावी टिकला नाही. बाबासाहेब तळ्यावर जिंकले तसेच ते कोर्टातही जिंकले. आम्ही जयंतीत फक्त पहिले सांगतो.

घरचे आधी सांगतो, कारण तिथे चूक आमचीही आहे. काही वर्षांपूर्वी एक भगिनी आमच्याकडे आली. नवरा कार्यकर्ता, सभेत स्त्रीमुक्तीवर बोलणारा, आणि घरी हात उचलणारा. आम्ही चार जाणती माणसे विहारात बसलो, नवऱ्याला खडसावले, त्याने मान खाली घालून माफी मागितली. मिटले! चळवळीची बदनामी नको, हा आमचा मोठा युक्तिवाद होता. एक ओळही लिहून घेतली नाही. आठ महिन्यांनी त्याने तिला दोन लेकरांसह बाहेर काढले आणि प्रकरण कोर्टात गेले. तेव्हा समोरच्या वकिलाचा पहिला प्रश्न होता, 'आजवर एकही तक्रार का नाही?' सरकारी दवाखान्याच्या केसपेपरवर लिहिलेले होते, 'जिन्यावरून पडल्याने इजा.' केसपेपर काढताना सासू शेजारी उभी होती, म्हणून तिने तसे सांगितले होते. त्यांच्या तळमजल्याच्या खोलीला जिनाच नव्हता, एवढाच एक मुद्दा नवऱ्याच्या उलटतपासणीत आमच्या हाती लागला. अंतरिम पोटगीला वर्ष उलटून गेले. ते वर्ष आमच्या त्या 'मिटवण्या'मुळे गेले, असे आम्ही आजही मानतो.

म्हणून सांगतो, मिटवायचे असेल तर मिटवा, पण काय मिटले ते लिहून, दोघांच्या आणि साक्षीदारांच्या सह्या घेऊन. दवाखान्यात खरे कारण सांगा. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्यात संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येते, थेट दंडाधिकाऱ्यांकडेही अर्ज करता येतो, आणि घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असले तरी सुनेचा तिथे राहण्याचा हक्क कायदा मान्य करतो. वकिलाच्या फीची भीती असेल, तर स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत विधी सेवा मिळते. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच ते कार्यालय असते.

आता कार्यालयाचे. एका निमसरकारी कार्यालयातले आमचे बांधव दोन वर्षे 'कोट्यातले' हा शब्द ऐकत राहिले आणि बढती हुकल्यावर आमच्याकडे आले. तारखा आठवत नव्हत्या. साहेब नेमके काय बोलला हेही दर वेळी वेगळे सांगत होते. ॲट्रॉसिटी कायद्यात जातिवाचक अपमानाचा गुन्हा होण्यासाठी तो लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी व्हावा लागतो. बंद केबिनमध्ये दोघेच असताना झालेल्या बोलण्यावर, 2020 च्या हितेश वर्मा प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, गुन्हा टिकवणे कठीण आहे. म्हणून त्याच रात्री वहीत लिहा: वार, वेळ, शब्द जसेच्या तसे, कोण हजर होते, दार उघडे होते की बंद. केबिनमधलाच प्रकार असेल तर वरिष्ठांकडे लेखी तक्रार द्या. जातीचा दाखला तयार ठेवा. 'आम्ही बौद्ध, जात कशाला सांगू?' हा स्वाभिमान आम्हालाही कळतो, पण या कायद्याखाली फिर्यादी अनुसूचित जातीचा आहे हे दाखवावेच लागते. ठाण्यात फिर्याद घेतली नाही तर हात हलवत परत येऊ नका. तीच फिर्याद पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा.

नोकरदार भगिनींनी एक मुदत लक्षात ठेवावी. लैंगिक छळाची तक्रार समितीकडे घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात. 2013 चा हा कायदा 1997 च्या विशाखा निकालातून आला, आणि तो निकाल राजस्थानातल्या भंवरीदेवी या कुंभार समाजाच्या साथिनीवरील अत्याचारानंतर झालेल्या याचिकेतून.

मोबाईलचे दुखणे नवे आहे, पण आमची चूक जुनीच. जयंतीच्या सुमारास कुणीतरी घाणेरडी पोस्ट टाकतो. आमचा पोरगा दुप्पट घाणेरडे उत्तर देतो. समोरचा आपली पोस्ट पुसून मोकळा होतो, आणि राहते ती आमच्या पोराची शिवी! मग गुन्हा कुणावर? शिवी देण्याआधी स्क्रीनशॉट घ्या, त्यात नाव, तारीख, वेळ दिसू द्या, पोस्टची लिंक उतरवून ठेवा. संतापाने पुढे पाठवत सुटू नका. मूळ मेसेज पुसू नका आणि तो फोनही विकू नका. नुसती छापील प्रत कोर्टात पुरत नाही, सोबत प्रमाणपत्र लागते. जालन्याच्या 2014 च्या विधानसभा निवडणुकीवरून झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली हे स्पष्ट केले, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मध्येही ती अट आहे. ऑनलाईन पैसे गेले असतील तर मात्र आमची वाट पाहू नका, ताबडतोब 1930 ला फोन करा.

ती भगिनी आता दर रविवारी विहाराच्या पायरीवर बसून इतरांचे अर्ज लिहून देते. अक्षर सुरेख आहे. परवा तिने आम्हालाच हटकले, 'साहेब, वस्तीच्या पाण्याचा अर्ज तुम्ही पालिकेत दिलात ना? त्याची पोच कुठे आहे?'

आमच्याकडे नव्हती. सोमवारी दुसरा अर्ज घेऊन गेलो.