'मॉटल' : शब्द एक, कारणे निराळी

इंग्रजी कृषिग्रंथांत व रोगनिदानाच्या तक्त्यांत 'मॉटल' हा शब्द वारंवार आढळतो. एका रंगाच्या पृष्ठभागावर दुसऱ्या रंगाचे वेडेवाकडे, पुसट कडांचे डाग उमटणे, असा त्याचा अर्थ होय. मराठीत 'कबरा' हा शब्द त्यास जवळचा आहे. देवणी जातीतील शेवेरा गाय कबरी असते. परंतु तिचा तो जन्मजात रंग आहे, त्यावर औषध कोणी शोधत नाही. पानावर किंवा मातीत आलेला कबरेपणा मात्र काही कारणाने आलेला असतो.

भाषांतरात या शब्दाऐवजी सरसकट 'ठिपके' असे लिहिले जाते व तेथेच घोटाळा होतो. बुरशीच्या ठिपक्यात पानाचा तेवढा भाग मरून वाळतो. मॉटलमध्ये पान जिवंत असते, फक्त हिरवेपणा जागोजागी उणा होतो. अशा पानावर बुरशीनाशक फवारणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे होय.

संत्रा व मोसंबीच्या बागेत हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. जस्ताच्या कमतरतेमुळे नवतीची पाने लहान व अरुंद निघतात. शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. हा पिवळेपणा मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंस बहुधा सारखा असतो. पान मधोमध दुमडले असता एक बाजू दुसरीशी जुळते. यावर अर्धा टक्का झिंक सल्फेट व पाव टक्का चुना, म्हणजे 100 लिटर पाण्यात अनुक्रमे 500 व 250 ग्रॅम, यांची फवारणी नवतीवर केल्यास गुण येतो.

ग्रीनिंग रोगात पिवळे डाग शिरा ओलांडून पसरतात आणि दुमडलेल्या पानाच्या दोन बाजू जुळत नाहीत. फळे लहान व एका अंगाला वाकडी राहतात, बिया खुरटतात. हा जिवाणूजन्य रोग सिला किडीमार्फत व रोगट झाडाच्या डोळ्यांतून पसरतो. रोगी झाड बरे करणारा खात्रीचा उपाय नाही. रोग निश्चित झाल्यावर झाड काढणे, किडीचा बंदोबस्त व निरोगी मातृवृक्षाची कलमे यांवरच भिस्त ठेवावी लागते. यात एक अडचण अशी की, ग्रीनिंग झालेल्या झाडावर जस्ताच्या कमतरतेची लक्षणेही दिसतात. म्हणून चार जुळणारी पाने पाहून निश्चिंत होऊ नये. झाडाला फेरी घालून सर्व फांद्या व फळे पाहावीत. उलट, केवळ पिवळ्या पानांवरून पंधरा वर्षांचे झाड तोडण्याची घाईही करू नये. शंका असल्यास पानांचा नमुना तपासून घ्यावा.

'मोझॅक' हा याच कुळातील शब्द. नेदरलँड्समध्ये काम करणाऱ्या ॲडॉल्फ मायर यांनी 1886 मध्ये तंबाखूच्या रोगास हे नाव दिले. तो विषाणू रसाने माखलेल्या हातांनीही पसरतो. भेंडीवरील केवडा मात्र पांढरी माशी पसरवते.

जमिनीच्या संदर्भात या शब्दाचा अर्थ अगदी वेगळा आहे. पाणी साचून हवा कोंडली की मातीतील लोह विरघळते व माती करडी दिसू लागते. पुढे पाणी ओसरून भेगांतून, मुळांच्या वाटांतून हवा शिरली की तेथे लोह गंजून तांबूस डाग पडतात. बागेसाठी सुमारे एक मीटर खड्डा खणल्यावर ज्या थरापासून अशी करडी-तांबूस नक्षी सुरू होते, साधारण तेथवर पावसाळ्यात पाणी चढत असल्याचे समजावे व लागवडीपूर्वी चर काढावेत. गर्द काळ्या जमिनीत हे डाग झाकले जातात. ते दिसले नाहीत म्हणून निचरा चांगला, असे धरू नये. कोकणातील जांभ्याखालची कबरी माती तर पुरातन झिजेची असते. तिच्यावरून आजच्या पाण्याचा अंदाज बांधता येत नाही.

गावातील मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी डाग दिसतात, त्यांनाही इंग्रजीत हाच शब्द लावतात. दात घडण्याच्या वयात पिण्याच्या पाण्यातून फ्लोराइड अधिक गेल्यास ते पडतात. यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांना हा त्रास ठाऊक आहे. लिटरला दीड मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा असून पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही. अनेक मुलांचे दात असे दिसल्यास विंधन विहिरीच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेकडे धाडावा आणि अहवाल येईपर्यंत पिण्यासाठी दुसरे सुरक्षित पाणी वापरावे.