आगळ की अमृत कोकम?

नाशिकच्या सुलाची वाइन २००० साली बाजारात आली. तेव्हापासून कुठल्या वाइनबरोबर काय खायचं, याची चर्चा मराठी घरांतही होऊ लागली. पण मैत्रिणींनो, आपल्या कोकमाचा थाट काय कमी आहे?

गणपतीपुळ्याला दर्शन झालं की बाटल्या घेतल्याच जातात. घेताना एवढं मात्र विचारा, आगळ की अमृत कोकम? दोन्ही लालभडक, फसायला होतं.

आगळ म्हणजे भरपूर मीठ घातलेला रस. तो सोलकढीसाठी. नारळाच्या दुधात आगळ, लसूण, मिरची वाटून घाला. वरून मीठ घालण्याआधी चाखा, नाहीतर अख्खा नारळ वाया! बांगड्याच्या तिखट कालवणावर हीच हवी. उकळू मात्र नका, फाटते.

अमृत कोकम हे सालींच्या साधारण दुप्पट साखरेत मुरवलेलं. जिरेपूड घालून केलेलं त्याचं सरबत कांदेपोह्यांबरोबर छान लागतं. मोदकांबरोबर नको, गोडावर गोड होतं. तिथे हिंग-जिऱ्याचं, बिननारळाचं तिवळच बरं.

घरात कुणाला ब्लडप्रेशर असेल तर आगळ जपून वापरा. बिनमिठाची सोलं मिळाली तर ती कोमट पाण्यात भिजवून कढी करा. डायबेटिस असलेल्यांना सरबताऐवजी हीच द्या.